एक कोटी आणि वरचे चार हजार

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?" कोण म्हणून काय विचारता, शेजारच्या बाई! कमरेवर हात, दार अर्धं उघडं, आतून टीव्हीचा आवाज. "रोज संध्याकाळी आमच्या मीटरकडे टक लावून काय उभ्या राहता? आमच्याकडे चोरीची वीज नाही हं, आधीच सांगून ठेवते!" अहो बाई, तुमच्या मीटरकडे बघतंय कोण? मी माझ्या मीटरकडे बघते! तुमचा आहे शेजारी, आणि तुमच्या मीटरच्या नंबराला सरळ पाचनं भाग जातो, त्याच्याकडे कोण ढुंकून बघणार? हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. तर त्यांनी दार असं आपटलं की जिन्यातला दिवा हलला. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

नाही, मुळात मी तिथं उभी का राहते ते तर ऐका. माझ्या खोलीचं कुलूप अडकतं. किल्ली डावीकडे फिरवायची, दार स्वतःकडे ओढायचं, गुडघ्यानं खाली दाबायचं, आणि मग तोंडानं दोन शब्द काढायचे, ते इथं सांगत नाही. दोन-तीन मिनिटं जातात. आणि डोळ्यांसमोर काय? विजेचा मीटर. काळा डबा, त्यावर आत फिरणारे आकडे, ते वेगळे, ते बदलतात, आणि खाली पत्र्यावर ठोकलेला त्याचा स्वतःचा नंबर, तो कधीच बदलत नाही. १,००,०४,५६९. एक कोटी चार हजार पाचशे एकोणसत्तर.

आता तुमच्या डोळ्यांसमोर आकडा आला तर तुम्ही काय कराल? वाचाल. मी भागते. सवय आहे, काय करू! दोननं भागलं, बाकी एक. तीननं, बाकी एक. चारनं, एक. सहानं, एक. सातनं... म्हटलं सात तरी घेईल पदरात... बाकी एक. आठनं? एक! मी किल्ली कुलपात तशीच ठेवली आणि त्या मीटरला म्हटलं, "अगं बाई, तू पण?"

कारण तुम्हाला सांगते, मीही तीच आहे. बाकी एक. कॉलेजात आमच्या वर्गात होत्या सदतीस मुली आणि आमच्या मॅडमना गट पाडायचा भारी सोस. "चला मुलींनो, दोन-दोनच्या जोड्या करा!" अठरा जोड्या झाल्या, एक उरली. कोण? मी. "बरं, तीन-तीन करा!" बारा गट, एक उरली. मी. चार-चार, एक उरली. सहा-सहा, एक उरली. नऊ-नऊ, बारा-बारा, काहीही करा, सदतीसात एक उरायचीच, आणि ती मी असायची. मॅडम म्हणायच्या, "तू जरा बाजूला बस हं, तुला नंतर कुठंतरी घालू." कुठंतरी! मी काय ओली छत्री आहे का? आणि मुली मला का घेत नव्हत्या माहितीये? तर म्हणे, "ती प्रत्येक उत्तर तपासत बसते." अरे, मग उत्तर तपासायचं नाही तर काय त्याला नमस्कार करून पुढं जायचं? यात माझं काय चुकलं, सांगा!

आणि मग एक दिवस मॅडमच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, "आज पाच-पाच करा." सात गट झाले. पस्तीस. आणि उरल्या दोन! दोन, तुम्हाला सांगते! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बाकी दोन आली. मी वळून बघते तर दारात एक मुलगी उभी, उशीर झालेला, चपलेचा अंगठा तुटलेला, एक चप्पल पायात आणि एक हातात, आणि वर्गाकडे अशी बघतेय की जणू वर्गानंच तिची चप्पल तोडली. लंगडत आली, माझ्या शेजारी बसली, माझ्या वहीत डोकावली, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "हे चुकलंय." मी म्हटलं, "कुठं?" म्हणाली, "तिसऱ्या ओळीत." आणि खरंच चुकलं होतं हो! इतका आनंद मला बक्षीस मिळाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

तेव्हापासून मी थोरली बाकी आणि ती धाकटी बाकी. सगळं कॉलेज असंच म्हणायचं. नंतर नुसतंच थोरली आणि धाकटी. खोली एक, कंगवा एक, आणि भांडणं रोजची. धाकटी म्हणायची, "थोरले, तू एवढी घाई का करतेस गं? जग काय तुझ्या आधी सुटतंय?" मी म्हणायची, "जग चुकीच्या उत्तरांवर चाललंय आणि तू वेणी घालतेयस!"

तर कॉलेज संपताना आम्ही एक ठरवलं. वेडेपणा म्हणा. ज्या तारखेला आम्ही दोघी उरलो, त्या तारखेला दरवर्षी एकीनं दुसरीला एक संख्या पाठवायची. अविभाज्य. पुस्तकात तिला मूळ संख्या म्हणतात, पण मला अविभाज्यच आवडतं, त्यात जरा ताठ मान दिसते. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर कुणानंच जिला भाग जात नाही अशी. पत्रानं पाठवायची. हातानं शोधायची, कागद-पेन्सिल घेऊन. दुसरीनं हातानंच तपासायची आणि तपासली म्हणून कळवायचं. फोनला विचारायचं नाही, यंत्राला विचारायचं नाही. अहो, फोन पापणी लवायच्या आत उत्तर देतो, माहितीये मला. पण उत्तर कुणाला हवं होतं? इथं बसून मी एकशे त्रेपन्न भागाकार करायचे आणि तिकडं बसून तिनं तेच एकशे त्रेपन्न करायचे... म्हणजे त्या सगळ्या वेळात ती माझ्याबरोबरच असल्यासारखी नाही का? आणि आणखी एक नियम. आठवण करून द्यायची नाही. ज्याला आठवण करून द्यावी लागते ते कसलं नातं, असं मीच म्हटलं होतं. मोठ्या तोंडानं. मीच!

पहिल्या वर्षी तिनं पाठवली, पाच आकडी. मी आठवड्यात तपासून कळवलं. दुसऱ्या वर्षी मी पाठवली, सहा आकडी. तिनं कळवलं, सोबत सगळे भागाकार, आणि मार्जिनमध्ये "सत्तेचाळीसला तू हातचा विसरली होतीस ना? मीही विसरले!" असं. ते पान मी जपून ठेवलंय. मग तिची पाळी होती, तर तिला नोकरी लागली, तिचं शहर वेगळं, माझं वेगळं, म्हणाली, "थोरले, या वर्षी तूच पाठव, मी फार गडबडीत आहे." म्हटलं, ठीक आहे. मला कुठं गडबड आहे?

मी काय करते विचारा ना. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात गणिताच्या पुस्तकांची शेवटची पानं तपासते. उत्तरसूची! मुलं गणित सोडवतात आणि मागं बघतात ना, तेच मागचं पान. लोक हसतात. आमचे साहेब म्हणतात, "एवढं काय त्यात? एखादं इकडचं तिकडं झालं तर काय आकाश कोसळणार आहे?" कोसळतं, साहेब! एक मूल असतं, एकटं, टेबलापाशी. त्यानं गणित बरोबर सोडवलेलं असतं. मागं बघतं तर पुस्तकात वेगळंच. त्याला असं वाटतच नाही की पुस्तक चुकलं. त्याला वाटतं, मीच मठ्ठ. पुन्हा करतं. पुन्हा बरोबरच येतं. रडतं. त्या खोलीत त्याच्या बाजूनं एकही माणूस नसतो हो! मी हे साहेबांना सांगितलं, चांगल्या वरच्या पट्टीत सांगितलं, तर मला त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं. यात माझं काय चुकलं?

असो. तर मी ठरवलं, या वर्षी मीटरवालीच पाठवायची. दोननं, तीननं, चारनं, सहानं भागा, बाकी एक. आमच्या दोघींसाठीच ठोकलेला नंबर. पण अविभाज्य आहे हे सिद्ध तर करायला हवं. आता यात एक सोय असते. सगळ्या संख्यांनी भागून बघावं लागत नाही, फक्त अविभाज्य संख्यांनी भागायचं, आणि तेही वर्गमुळापर्यंतच. कारण एखादी संख्या दोघांचा गुणाकार असेल तर त्यातला लहान वर्गमुळाच्या पुढं जाऊच शकत नाही. लहान सापडला की मोठा मुकाट मागून येतो. घराघरांत असंच असतं.

एक कोटीचं वर्गमूळ मला झोपेतून उठवून विचारा. तीन हजार एकशे बासष्ट आणि वर थोडं. वरचे चार हजार पाचशे एकोणसत्तर? अहो, कोटीपुढं चार हजार म्हणजे दर्यात खसखस! बसले. दोनपासून सुरुवात केली. छापखान्यातली रद्दी प्रूफं आणली, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर भागाकार मांडत गेले. तीन रविवार लागले. रविवारी लोक कुठं कुठं जातात म्हणे, मी सातशे एकोणीसपर्यंत गेले. आईचा फोन यायचा. "काय करतेस?" "भागतेय." "कुठं भागतेयस? कुणाबरोबर?" "अगं आई, भागाकार!" मग आई जरा आशेनंच म्हणायची, "पळून जायचं असेल तर सांग हो, आम्ही समजून घेऊ."

शेवटचा भागाकार तीन हजार एकशे सदतीसनं. बाकी उरली. एकूण चारशे शेहेचाळीस भागाकार, एकानंही भाग गेला नाही. पत्र लिहिलं. "धाकटे, ही घे. माझ्या दारातली आहे. चारशे शेहेचाळीस जणांनी प्रयत्न केला, कुणालाही बधली नाही. आपल्यासारखी." पेटीत टाकलं.

एक आठवडा. म्हटलं, भागाकार चालले असतील. दोन आठवडे. म्हटलं, आठ आकडी आहे, वेळ लागणारच. तिसऱ्या आठवड्यात धाकटीनं तिच्या ऑफिसातला फोटो टाकला. नऊ जण, एकमेकांच्या खांद्यांवर हात, सगळे हसतायत. मी मोजले. नऊ. तीननं पूर्ण भाग जातो. बाकी शून्य.

मग मला सुचलं, आठवण करून द्यायची नाही असा नियम आहे, पण पुरवणी जोडायची नाही असा कुठं नियम आहे? पुरवणी पाठवू! आणि पुरवणी काय, तर एक प्रमेय आहे, तीनशे वर्षांहून जुनं, इतकं देखणं की ते शिकवताना आमच्या मॅडमसुद्धा गट पाडायचं विसरल्या होत्या. चारनं भागल्यावर जिची बाकी एक उरते अशी अविभाज्य संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच असते. तेरा बघा, चार अधिक नऊ, म्हणजे दोनाचा वर्ग आणि तीनाचा वर्ग. एकोणतीस बघा, चार आणि पंचवीस. सदतीस? छत्तीस अधिक एक. छत्तीस त्या, आणि एक मी. पटलं? आणि अशी जोडी एकच असते, दुसरी कुठलीच चालत नाही. म्हणजे बघा हं, कुणालाही भाग जाऊ देत नाही अशी ताठ संख्या, पण आतून दोघांची मिळून बनलेली! मी पत्राची सुरुवातसुद्धा लिहून ठेवली. "धाकटे, आपल्या संख्येत दोघी आहेत. त्या अशा..." आणि पुढं जागा सोडली. आता नुसत्या त्या दोघी शोधायच्या.

त्यातली एक चारनं भाग जाणारी असायला हवी, एवढं मी जिन्यातच काढलं. म्हणजे चार, आठ, बारा असं करत तीन हजार एकशे साठपर्यंत. सातशे नव्वद उमेदवार. एकेकीचा वर्ग आमच्या संख्येतून वजा करायचा आणि जे उरेल तो कुणाचा वर्ग आहे का बघायचं. त्यासाठी वर्गांची यादी हवी. ती करायची रीत अगदी सोपी. विषम संख्या मिळवत जायचं. एक. त्यात तीन मिळवले, चार. पाच मिळवले, नऊ. सात मिळवले, सोळा. असं करत करत तीन हजार एकशे बासष्टचा वर्ग आला ९९,९८,२४४. पुढचा कोटीच्या वर जातो म्हणून तिथं थांबले. नुसत्या यादीला दोन रविवार आणि एक आजारपणाची रजा गेली. साहेबांनी विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, "वर्ग होतायत." म्हणाले, "पाणी भरपूर प्या."

आणि मग वजाबाक्या. चार, नाही. आठ, नाही. बारा, नाही. संध्याकाळी कुलपाशी झटापट करताना मीटरकडे बघून विचारायची, "अगं, कोण आहे गं तुझी? सांग ना!" त्याच वेळी शेजारच्या बाईंनी दार उघडलं होतं, ते पुढचं तुम्हाला माहितीये. चारशे झाल्या, नाही. सातशे झाल्या, नाही. सातशे नव्वदावी, तीन हजार एकशे साठ. वजा केली, १८,९६९ उरले. एकशे सदतीसचा वर्ग याच्या अलीकडं, एकशे अडतीसचा पलीकडं. नाही! सातशे नव्वदपैकी एकसुद्धा नाही!

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? आपलं काहीतरी चुकलं. मी काय म्हटलं? प्रमेय चुकलं! हो! हसू नका! तीनशे वर्षं सगळ्यांनी डोळे मिटून मानलं, कुणी आमच्या जिन्यातला मीटर तपासला होता का? मी उड्या मारत छापखान्यात गेले आणि जे पहिले दिसले त्यांना सांगितलं. पहिले दिसले प्रूफवाचक काका. माझ्या शेजारच्या कोपऱ्यात बसतात, भाषेची पुस्तकं वाचतात, गणिताशी त्यांचं सतराच्या पाढ्यापासून वाकडं. आणि वाचतात कसे, तर शेवटून! शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. सरळ वाचलं की म्हणे डोळा अर्थाच्या मागं धावतो आणि अक्षर निसटतं.

"काका, मी प्रमेय पाडलं!"

"लागलं का कुणाला?"

"काका, तीनशे वर्षं जुनं प्रमेय!"

"मग पडणारच. दाखव बघू काय लिहिलंयस."

मी यादी पुढं केली. काकांनी शेवटचं पान वर घेतलं, शेवटच्या ओळीखाली पट्टी ठेवली.

"याच्यापुढं काय आहे?"

"काही नाही. पुढचा वर्ग एक कोटीच्या वर जातो."

"मग?"

"मग काय? आपली संख्या एक कोटी आहे ना!"

काकांनी चष्मा काढला. "पोरी, तुझा आकडा वाच."

"एक कोटी..."

"शेवटून."

"नऊ, सहा, पाच, चार..." आणि मी थांबले.

"थांबलीस का? चार हजार आहेत ना वर? मग एक कोटी कुठून आणलंस? अगं, जे छापलंय ते वाचावं, जे वाटतंय ते नाही. उरलेली एक बेरीज कर. आणि कर म्हणजे माझं प्रूफ मला पुढं वाचू दे."

मी पेन्सिल घेतली. ९९,९८,२४४. त्यात पुढची विषम संख्या, ६,३२५. चार आणि पाच नऊ. चार आणि दोन सहा. दोन आणि तीन पाच. आठ आणि सहा चौदा... १,००,०४,५६९.

तीन हजार एकशे त्रेसष्ट गुणिले तीन हजार एकशे त्रेसष्ट.

अविभाज्य कसली! चारशे शेहेचाळीस भागाकार केले, आणि चारशे सत्तेचाळिसावा केला नाही. ज्या एकीनं भाग जाणार होता नेमक्या त्या एकीच्या दारात जाऊन मी परत फिरले! सगळ्या जगाची उत्तरं तपासणारी मी, वरचे चार हजार मी गिळले! आणि प्रमेय? प्रमेय बिचारं सुखरूप. अविभाज्य नाही म्हटल्यावर त्याचा संबंधच काय? तरी काकांनी विचारलंच, "म्हणजे जोडी नाहीच?" म्हटलं, "आहे, काका. तीन हजार एकशे त्रेसष्टचा वर्ग, अधिक शून्याचा वर्ग." मी चारपासून सुरुवात केली होती ना. शून्यापासून केली असती तर पहिल्याच फटक्यात सापडली असती. पण जोडीदार म्हणून शून्याला कोण विचारतं? यात माझं काय... नाही. यात माझंच चुकलं. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

पण गंमत ऐका. लाज वाटायच्या ऐवजी मला जिन्यात हसू फुटलं. कारण बघा ना, या संख्येला सगळ्या जगात एकच भाग देणारी आहे, आणि ती दोनदा येते. सारखीच. दोघी! मला हव्या होत्या त्या दोघी आत होत्याच, फक्त मी त्यांना बेरजेत शोधत होते. मी नवं पत्र लिहिलं. "धाकटे, चुकलं. ही अविभाज्य नाही. ३१६३ गुणिले ३१६३. म्हणजे तू आणि मी. आणि तुला हे आधीच सापडलं असेल तर मला शिव्या घाल, पण घाल." पाकीट चिकटवलं. तिकीट लावलं. मला खात्री होती, नऊ आठवडे ती गप्प का? तर तिला चूक सापडलीये! ती वाट बघतेय, थोरलीला कधी कळतंय! हीच ती, चप्पल हातात घेऊन "हे चुकलंय" म्हणणारी!

आणि दाराला कुलूप लावून पत्र टाकायला निघाले, किल्ली अजून हातात होती, तेवढ्यात फोन वाजला. धाकटी! मेसेज. "थोरलेऽऽ सॉरी सॉरी सॉरी!! इतकी गडबड होती की विचारू नकोस!! तुझी संख्या तपासली हं! पूर्ण तपासली! एकदम अविभाज्य!! आपल्यासारखीच!" आणि पुढं तीन बदाम.

मी मीटरकडे बघितलं. एक कोटी चार हजार पाचशे एकोणसत्तर.

लगेच वाईट विचार करू नका हं, मीही केला नाही. मी म्हटलं, थांब. असंही असू शकतं की तिनंही हातानंच केलं. तिनंही एक कोटीचं वर्गमूळ पाठ धरलं. तिनंही वरचे चार हजार सोडले! सत्तेचाळीसच्या वेळी नव्हता का दोघींनी एकच हातचा सोडला? तसंच! चारशे शेहेचाळीस भागाकार तिकडं, चारशे शेहेचाळीस इकडं, आणि दोघीही एकाच दारातून परत! यापेक्षा मोठी सोबत असते का हो जगात? मी जिन्यातच बसले, पायरीवर. आता पत्र कशाला, लगेच टाइप केलं. "धाकटे, चुकलं गं माझं. अविभाज्य नाहीये. ३१६३ गुणिले ३१६३." बस, एवढंच. तिनं जर खरंच भागाकार केले असतील तर ती किंचाळेल. "अगं थोरले, चार हजार!!" म्हणेल. कपाळ बडवून घेईल. फोन करेल, रडेल, हसेल, मला गाढव म्हणेल... म्हणेलच ना? चारशे शेहेचाळीस भागाकार वाया गेल्यावर कुणीही म्हणेल!

शेजारच्या बाईंनी दार उघडलं, मला पायरीवर बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, या वेळी न आपटता हळूच लावून घेतलं.

उत्तर आलं. चाळीस सेकंदांत. मी मोजले.

"हो गं, तेही तपासलं! बरोबर आहे!" आणि दोन बदाम.

आता बोला. अविभाज्य आहे, तपासलं, बरोबर. अविभाज्य नाहीये, तेही तपासलं, तेही बरोबर! चिकटवलेलं पाकीट माझ्या मांडीवर, मी बोटं चालवत बसले. "तू काहीच तपासलं नाहीस" असं लिहिलं. पुसलं. "एकदा तरी भागून बघ गं" असं लिहिलं. पुसलं. मी, जी साहेबांशी एका दशांश चिन्हासाठी पाऊण तास भांडते! शेवटी लिहिलं, "थँक्यू गं." आणि पाठवून दिलं.

काय करणार? दोन उत्तरं दिली, एक चूक, एक बरोबर. निम्मे मार्क. केलं काठावर पास. नापास कशी करू हो? माझ्या परीक्षेला बसणारी ती एकटीच आहे.